मेहुण्याचे बावीस, आपले पंधरा

पत्राचा गोषवारा असा. रत्नागिरी तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून एका शिक्षकांनी लिहिलं आहे. गेल्या दिवाळीत त्यांनी सांगलीच्या मेहुण्याकडून, म्हणजे बायकोच्या सख्ख्या भावाकडून, २०१३ ची डिझेल हॅचबॅक घेतली. इंजिन १२४८ सीसीचं, मीटरवर ९२ हजार. ‘हायवेला डोळे झाकून बावीस देते,’ असं मेहुणा म्हणाला होता. विकण्याआधी त्यानं टायरही नवे, जरा रुंद टाकले. रोज सात किलोमीटरवरच्या शाळेत जाणं-येणं, आणि महिन्यातून दोनदा कोल्हापूर, कारण मुलगी तिथे शिकते. टाकीचा दिवा लागल्यावर यांनी हातखंब्याच्या पंपावर दोन हजारांचं डिझेल घातलं, कोल्हापूरला जाऊन आले, पुढे शाळेच्या फेऱ्या झाल्या आणि ३३० किलोमीटरला दिवा पुन्हा लागला, तोही गावाच्या घाटीत, चढावर. नव्वदचा भाव धरला तर बावीस लिटर, म्हणजे ॲव्हरेज पंधरा. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, दोन मिनिटं कान देऊन ऐकलं आणि सांगितलं, ‘चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) गेलेत, ३८ हजार.’ मोठा भाऊ म्हणतो, विकून टाक, सीएनजी घे. बायको म्हणते, दादाला एक शब्द बोलायचा नाही. ते लिहितात, ‘पैशांचं एवढं नाही. घरच्याच माणसानं फसवलं याचं वाईट वाटतं. इंजेक्टर बदलू, गाडी विकू, की मेहुण्याला स्पष्ट विचारू?’

गुरुजी, नमस्कार.

तुम्ही कुठला विषय शिकवता ते लिहिलेलं नाही. गणित असेल तर आधीच माफी मागतो, कारण तुमचा भागाकार मी खोडणार आहे. तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण तिन्ही एकाच आकड्यावर उभे आहेत: पंधरा. तो आकडा मला पटलेला नाही.

पहिली गोष्ट, दिवा. डिझेलच्या टाकीत एक तरंगता गोळा असतो, तो खाली गेला की दिवा लागतो. तुम्ही पहिल्यांदा दिवा पाहिलात तेव्हा गाडी कुठे होती ते तुम्ही लिहिलं नाही, दुसऱ्यांदा मात्र ती घाटीत चढावर होती. चढावर, उतारावर, लांबच्या वळणावर टाकीतलं डिझेल एका बाजूला कलतं आणि तो गोळा सपाटीपेक्षा वेगळंच सांगतो. यात लिटर-दोन लिटरचा घोळ सहज होतो. चाळीस लिटरला दोन लिटर इकडेतिकडे झाले तर फार बिघडत नाही. बावीसला झाले तर पंधराचे साडेसोळाही होतात आणि पावणेचौदाही. दिव्यापासून दिव्यापर्यंत मोजणं हे ‘आता डिझेल भरायला हवं’ एवढं कळण्यापुरतं ठीक. इंजेक्टर बदलायचे की नाही हे त्यावरून ठरवू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुम्ही हायवेचं ॲव्हरेज मोजलंच नाही. ३३० मधले कोल्हापूरचे जाऊन-येऊन अडीचशे धरा. उरलेले ऐंशी शाळेचे. सात किलोमीटरच्या फेरीत डिझेल इंजिन धड तापतही नाही. सकाळी थंड इंजिन, गावची अरुंद वाट, घाटीचा चढ, दुसरा-तिसरा गिअर, मध्ये गुरं, मध्ये समोरून आलेली एसटी. अशा रस्त्याला अकरा-बारा मिळाले तर ती गाडी शहाणी म्हणायची. अकरा धरले तर ऐंशी किलोमीटरला सव्वासात लिटर गेले. बावीसमधून ते वजा करा, पावणेपंधरा उरतात. त्यात अडीचशे किलोमीटर, म्हणजे हायवेला सतरा. मेकॅनिकला पैसे न देता, नुसत्या वजाबाकीनं, पंधराचे सतरा झाले.

तिसरी गोष्ट ते देखणे टायर. पत्रासोबतच्या फोटोत टायरच्या कडेवर १९५/६५ आर १५ असं स्पष्ट वाचता येतं. तुमच्या मॉडेलला त्या साली १६५/८० आर १४ येत असत. मूळ टायरचा व्यास साधारण ६२० मिलिमीटर, आताचा ६३४. चाक मोठं झालं की तेवढ्याच रस्त्याला ते कमी वेळा फिरतं, आणि मीटर चाकाचे फेरे मोजतं, रस्ता नव्हे. म्हणजे तुमचं मीटर आता शंभरात सव्वादोन-अडीच किलोमीटर कमी दाखवतं. ३३० दिसले तेव्हा गाडी ३३७-३३८ चालली होती. शिवाय रुंद टायर जमिनीला जास्त घासतो, जड असतो, तो फिरवायलाही डिझेल लागतं, ते वेगळंच. हे पुन्हा टायर बदला म्हणून सांगत नाही. हे घासून संपले की मूळ मापावर या, एवढंच. तोवर हिशेबात त्यांची भर धरा, म्हणजे हायवेचा आकडा सतरा-साडेसतराला येऊन बसतो.

आता मेहुण्याच्या बावीसकडे येऊ. ते खोटं असेल असं मला वाटत नाही. पत्रात तुम्ही म्हणता की तो कामासाठी महिन्यातून दोन-तीनदा एकटाच पुण्याला जायचा. सांगलीहून पेठ नाक्यावर आलं की पुढे पुण्यापर्यंत रुंद महामार्ग. सांगली आणि पुणे दोन्ही समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. खंबाटकी आणि कात्रज सोडले तर फारशी चढउतार नाही. गाडीत एक माणूस, टॉप गिअर, ऐंशी-पंच्याऐंशीचा वेग. त्या रस्त्यावर हे इंजिन बावीस देऊ शकतं. तुमचा रस्ता मात्र खाडीच्या पातळीवरून सुरू होतो, पाली, नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढतो आणि मग मलकापूरमार्गे कोल्हापूर गाठतो.

घाट चढायला नेमकं किती डिझेल लागतं याचं गणित अवघड नाही, आठवीतल्या मुलांनाही घालता येईल. गाडी, तुम्ही चौघं आणि सामान मिळून साडेतेराशे किलो धरू. उंची सहाशे मीटर. हे वजन नुसतं तेवढं उचलायला सुमारे आठ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये छत्तीसच्या आसपास मेगाज्यूल असतात, पण इंजिन त्यातला तिसरा हिस्साच चाकापर्यंत पोचवतं, म्हणजे बारा. तेव्हा घाट चढण्याचा जादा खर्च झाला लिटरचा दोन तृतीयांश. सपाटीवर वीस देणारी गाडी एकशेवीस किलोमीटरला सहा लिटर घेईल. कोल्हापूरला जाताना तीच सहा लिटर साडेसहाशे मिलीच्या पुढे जाते आणि ॲव्हरेज होतं अठरा. परत येताना उतार काही डिझेल वाचवतो, पण सगळं परत देत नाही. घाटातल्या वळणांवर तुम्ही ब्रेक दाबता, तिथे ती ऊर्जा ड्रम-डिस्क तापवण्यात जाते. येताना एकवीसच्या आसपास दिसेल. तीच गाडी, तोच चालक, तोच दिवस, आणि जाताना अठरा, येताना एकवीस. कोणी फक्त येतानाचं मोजून मेव्हण्यांमध्ये मिरवलं तर त्याला खोटारडा कसं म्हणणार?

छापील आकड्याचंही तसंच. त्या काळी या इंजिनाच्या गाडीला कागदावर २२.९ असा दाखला होता. ती चाचणी बंद खोलीत रोलरवर होते. ठरवून दिलेल्या पद्धतीनं वेग कमी-जास्त केला जातो, सरासरी ताशी तीसच्या थोडी वर, कमाल नव्वद, तीही थोडाच वेळ. एसी बंद. वारा नाही, चढ नाही, मागच्या सीटवर आंब्याची पेटी नाही. दोन गाड्या शेजारी ठेवून तुलना करायला तो आकडा चांगला आहे. तेवढं मिळायलाच हवं असं त्यावरून म्हणता येत नाही.

एवढं सगळं सांगितलं म्हणून तुमची गाडी ठणठणीत आहे असंही मी म्हणत नाही. साडेसतरा आणि वीस यांच्यात अजून अंतर आहे आणि ते काही अंशी भरून निघेल. आधी नीट मोजू.

टाकी फुल ते टाकी फुल, याहून सोपी आणि भरवशाची रीत नाही. पंप एकच, शक्य तर त्याच पंपाचं तेच नोझल आणि गाडी उभी करायची जागाही तीच, कारण पंपाच्या आवारालाही उतार असतो. डिझेलला फेस येतो, त्यामुळे नोझल कधीकधी लवकर खटकन बंद होतं. पहिल्या खटक्याला थांबायचं. पंपावरच्या पोराला सांगायचं, ‘राऊंड फिगर करू नकोस.’ गळ्यापर्यंत भरून गाडी हलवून आणखी अर्धा लिटर कोंबणारे लोक मी पाहिलेत. त्यांचा आकडा दर वेळी वेगळा येतो आणि ते पंपाला शिव्या देतात. ट्रिप मीटर शून्य करा. पुढची फुल निदान पंचवीस लिटर जाळल्यावर. अशा तीन टाक्या घ्या, तिन्हींचे किलोमीटर एकत्र, तिन्हींचे लिटर एकत्र, मग एकदाच भागा. प्रत्येक टाकीचं वेगळं ॲव्हरेज काढून खूश किंवा दुःखी होऊ नका. वहीत तारीख, किलोमीटर, लिटर आणि शेवटी एक रकाना: ‘कुठे’. शाळेचे दिवस किती, घाट किती वेळा, गाडीत माणसं किती. तीन महिन्यांनी तो शेवटचा रकानाच सगळ्यात जास्त बोलतो.

आणि एकदा एक काम करा. सकाळी हातखंब्याला फुल करून निघा, त्याच दिवशी कोल्हापूरहून परत त्याच पंपावर फुल. हे तुमचं खरं हायवेचं ॲव्हरेज, घाटासकट. डॅशबोर्डवर आपोआप दिसणाऱ्या आकड्यावर फार विसंबू नका, तो बहुधा मालकाला खूश ठेवतो. गंमत म्हणून वहीत लिहून ठेवा आणि फरक बघा.

पंपावर मापात मारतात का, असंही तुम्ही विचारलं आहे. शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं शिक्क्याचं माप असतं, ते मागायचा तुम्हाला हक्क आहे. त्यात डिझेल सोडून दाखवतात. पाच लिटरला पंचवीस मिलीपर्यंतचा फरक नियमात बसतो, म्हणजे अर्धा टक्का. त्याहून जास्त घट आली तर वैधमापन खात्याकडे तक्रार करा. पण एक लक्षात घ्या, मापातल्या त्या अर्ध्या टक्क्यानं बावीसचे पंधरा होत नाहीत.

आता गाडीकडे. मेकॅनिकच्या आधी स्वतःच्या हाताला विचारा. हे मी अनुभवानं सांगतो. माझी जुनी डिझेल एका पावसाळ्यानंतर अचानक साडेतीन-चारनं उतरली. गॅरेजवाल्यानं फिल्टर बदलले, पाइप उघडले, इंजेक्टर काढून साफ केले, बिल झालं आणि ॲव्हरेज तिथेच. मग एका संध्याकाळी नाणीजच्या पुढे सपाट रस्त्याला, ब्रेक फारसा न लावता वीस-बावीस किलोमीटर चालवून चहाला थांबलो. उतरून सहज एकेका चाकापाशी तळहात नेला. पुढची दोन कोमट. मागचं उजवं त्याहून थंड. मागच्या डाव्यापाशी हात नेला आणि झळ आली, जवळ नाक नेलं तर जळकट वास. ड्रम उघडला तेव्हा आतली हँडब्रेकची तार गंजून अर्धवट अडकलेली. बाहेर येताना ती तांबूस भुकटी सांडत होती. पाय ब्रेकवर नसतानाही ब्रेक लागलेलाच होता, आणि मी गेले तीन महिने त्याच्याविरुद्ध डिझेल जाळत होतो.

समुद्राकडची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांचं हे नेहमीचं काम. खारी ओल ब्रेकच्या पिना, तारा, चाकातले सिलिंडर धरून ठेवते. म्हणून तुम्ही पहिली तपासणी ही करा: सपाट रस्ता, कमीत कमी ब्रेक, थांबल्यावर चारही चाकं. धातूला हात चिकटवू नका, भाजेल, नुसता जवळ नेला तरी कळतं. घाट उतरून लगेच पाहिलं तर चारही तापलेलीच असतील, त्यावरून काही ठरवता येणार नाही. दुसरं, अंगणात सपाटीला न्यूट्रल करून गाडी एका माणसानं ढकलून पाहा. सहज सरकली पाहिजे.

मग टायरची हवा. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत लिहिलेली, पण ती मूळ टायरची. मोजायची सकाळी, टायर थंड असताना. चाळीस किलोमीटर चालवून पंपावर मोजलीत तर दोन-तीन जास्त दिसतील आणि तुम्ही कमी कराल. हायवेच्या कामांचे खड्डे आणि सिमेंटच्या कडा यांनी अलाइनमेंट बिघडते. टायरवरून तळवा आडवा फिरवा, एका बाजूनं गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूनं करवतीसारखा लागला तर अलाइनमेंट करून घ्या.

तापमानाचा काटाही बघा. निम्म्याच्या आसपास येऊन तिथेच राहायला हवा. घाट उतरताना तो खाली पडत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत गार पाणी अडवणारी झडप, बहुधा उघडाच अडकला आहे. अशा गाडीचं इंजिन कायम गार राहतं, तुमच्या शाळेच्या सात किलोमीटरसारखं, फक्त हायवेवरही. छोटा भाग, छोटा खर्च, आणि तरी तिकडे कोणी बघत नाही, कारण काटा वर गेला तर सगळे घाबरतात, खाली गेला तर कोणालाच भीती वाटत नाही. चढाला ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी तेवढी ओढत नसेल तर क्लच घसरतोय. शिट्टीसारखा आवाज, मागे काळा धूर, पिकअप गेलेलं, असं असेल तर टर्बोकडून, म्हणजे हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडून, इंजिनकडे हवा नेणारा रबरी पाइप बहुधा फाटलेला किंवा ढिला असतो. एअर फिल्टर आमच्या जांभ्याच्या धुळीनं लाल झालेला असेल, तो बदला, पण त्यानं दोन-चार किलोमीटर वाढतील अशी आशा धरू नका. पिकअप सुधारेल, ॲव्हरेज फारसं नाही.

इंजेक्टरकडे शेवटी येऊ, कारण ते शेवटीच बघायचे. इंजेक्टर खराब असतील तर गाडी आधी इतर मार्गांनी बोलते: सकाळी सुरू व्हायला वेळ लागतो, उभी असताना इंजिन अडखळतं, धूर येतो. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. मेकॅनिकला सांगा, चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्यांना छोट्या बाटल्या लाव आणि इंजिन थोडा वेळ चालव. चारही बाटल्यांत सारखं आणि थोडंच डिझेल जमलं तर इंजेक्टरांना दोष देऊ नका. एकीतच भसाभस जमलं तर तो एक गेला आहे, चारही नव्हे. ही चाचणी करायला तयार नसलेला मेकॅनिक नुसता ऐकून ३८ हजार सांगत असेल, तर त्याला नमस्कार करून गाडी घरी आणा.

आणि समजा बदललेच, तरी हिशेब बघा. तुमचं महिन्याचं चालणं नऊशे किलोमीटरच्या आसपास. पंधराच्या जागी अठरा झाले तर महिन्याला साठऐवजी पन्नास लिटर. दहा लिटर वाचले, नऊशे रुपये. ३८ हजार वसूल व्हायला साडेतीन वर्षं. गाडीची पंधरा वर्षं २०२८ ला पूर्ण होतात. पुढे फेरनोंदणी होते, पण फिटनेस आणि ग्रीन टॅक्सचा खर्च येतो. ॲव्हरेजसाठी म्हणून एवढा खर्च या गाडीवर मी करणार नाही. विकून सीएनजी घेण्याचंही तेच. विकताना पडणारी झळ आणि नव्या गाडीचा हप्ता महिन्याच्या नऊशे रुपयांत बसवून दाखवा म्हणावं भावाला. शिवाय डिकीत सिलिंडर आला की मुलीचं सामान कुठे ठेवणार, आणि सुट्टीच्या दिवसांतल्या सीएनजीच्या रांगा तुम्ही हायवेला पाहिल्या असतीलच.

आता चालवण्याबद्दल, कारण सगळ्यात स्वस्त सुधारणा तिथेच आहे. वारा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात अडवतो. ऐंशीला जेवढा अडवतो त्याच्या दीडपटीहून जास्त शंभरला. चौपदरीचा नवा सिमेंटचा तुकडा लागला की आपला पाय आपोआप खाली जातो, मीही त्यातलाच. पण साठ किलोमीटरच्या तुकड्याला ऐंशीनं पंचेचाळीस मिनिटं लागतात, शंभरनं छत्तीस. नऊ मिनिटं वाचवून पुढे पालीच्या गर्दीत ती घालवायची, आणि त्यासाठी जास्त डिझेल. टपावरचं कॅरिअर रिकामं असलं तरी वारा अडवतंच. ते काढून पडवीत ठेवा, पेट्या न्यायच्या असतील तेव्हाच लावा, आणि डिकीत मावत असतील तर तेव्हाही नको.

घाटात गिअरबद्दल एक गैरसमज आहे, तो आमच्या घरातही होता. वरचा गिअर म्हणजे डिझेल कमी, म्हणून चढाला चौथ्यातच दाबत राहायचं. या इंजिनाचा टर्बो दोन हजार फेऱ्यांच्या आसपास जागा होतो. त्याखाली ते घुसमटतं, गाडी थरथरते, तुम्ही पाय आणखी दाबता आणि डिझेल जास्त जातं. आंबा घाटात तिसरा, अवघड वळणाला दुसरा, आणि इंजिन मोकळं वाजू द्या. उतरताना मात्र न्यूट्रल करायची ती जुनी सवय असेल तर आजपासून बंद. गिअरमध्ये ठेवून पाय सोडलात तर या इंजिनाचे इंजेक्टर डिझेल सोडणंच थांबवतात, उतारावर खर्च शून्य. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं लागतंच, आणि वर ब्रेक एकट्यानं सगळं ओझं पेलतात, तापतात, घाटाच्या मध्यावर पेडल आत जायला लागतं. डिझेलही जास्त आणि धोकाही जास्त.

एसीचं म्हणाल तर कोकणात तो निम्मं काम हवेतलं पाणी काढण्यातच करतो. गाडीखाली टपटपतं ते तेच. एखाद-दीड किलोमीटरचा फरक पडतो, पण मे महिन्यात चार माणसांना घामानं भिजवून वाचवलेल्या त्या डिझेलचं मला कधी कौतुक वाटलं नाही. सकाळी लवकर निघा, घाटावर पोचलात की काचा खाली घ्या, वेग वाढला की पुन्हा वर.

याच विषयावर आणखी काही जणांनी लिहिलं होतं, त्यांना इथेच सांगतो. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ डिझेल घेतलेल्यांनो, तुमच्या गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती मधूनमधून स्वतःला जाळून साफ करते आणि तेव्हा ॲव्हरेज एकदम पडतं. घाबरू नका, आणि रोज चार-पाच किलोमीटरच फिरत असाल तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास हायवेला सलग चालवा. गणपतीत मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांनो, त्या प्रवासाचं ॲव्हरेज वहीत लिहूच नका, तो हिशेब गाडीचा नाही, वाहतूककोंडीचा आहे. पावसाळ्यात गाडी गावी ठेवून जाणार असाल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला जांभ्याचा दगड लावा. आणि जेटीवर कोणी कॅनमधलं स्वस्त डिझेल देतो म्हणाला तर घेऊ नका. त्यात पाणी असतं, गंज असतो, आणि इंजेक्टर खरंच जातात ते अशानं. टाकीत टाकायच्या गोळ्या, नळीला बांधायची चुंबकं यांबद्दल ज्यांनी विचारलं, त्यांनी ते पैसे हवा तपासायच्या मीटरवर घालावेत.

गुरुजी, राहिला मेहुणा. मला वाटतं तुम्ही त्याला फोन करावाच, पण जाब विचारायला नाही. जुन्या गाडीबद्दल त्याला जे माहीत आहे ते आणखी कोणालाही माहीत नाही. त्यानं ॲव्हरेज कसं मोजलं होतं, टायर बदलण्याआधी की नंतर? मागचे ब्रेक शेवटचे कधी उघडले होते? थर्मोस्टॅट, क्लच, काही बदललं होतं का? सर्व्हिसिंगचं पुस्तक त्याच्याकडे राहिलं असेल तर मागून घ्या, मीटरवरच्या ९२ हजारांचीही त्यात आपोआप शहानिशा होईल. ‘बावीस देते म्हणालास’ अशी सुरुवात केलीत तर तो बावीस सिद्ध करत बसेल. ‘मागची चाकं तापतात, तुझ्याकडे कधी असं झालं होतं का?’ असं विचारलंत तर दहा मिनिटांत कामाचं काहीतरी हाती लागेल, आणि बाईंनाही शेजारी बसून ऐकता येईल.

तीन टाक्या झाल्या की वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवा. आणि हो, मीटरच्या किलोमीटरमध्ये टायरचे सव्वादोन टक्के मिळवायला विसरू नका.